रक्ताला भिणारे नानाजी

नानाजी लेनगुरे यांचं नाव खरोखरच नानाजी आहे. म्हातारपणी लोकांनी मानानं दिलेलं नव्हे, बारशाला ठेवलेलं. त्यामुळे शाळेत मास्तर त्यांना "नानाजी, अंगठे धर" म्हणायचे, आणि त्यांच्या लग्नात पाहुणे मंडळी नवरदेवाला सोडून मांडवात कोणी म्हातारा शोधत होती. आता साठी उलटल्यावर माणूस नावाला शोभायला लागला आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात आमची घरं एका भिंतीला लागून आहेत, आणि इथल्या एका मोठ्या दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे. म्हणजे नानाजी मला घरी दिसतात आणि दुकानातूनही दिसतात, त्यांच्यापासून सुटका नाही. पुढं जे सांगतो त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, काही दवाखान्यातल्या मयुरी सिस्टरनं सांगितलेलं आहे, आणि जे नानाजींनी स्वतः सांगितलं त्यातलं निम्मं मी सोडून दिलं आहे.

माणूस धानाचा शेतकरी. शेती आता मुलगा प्रफुल बघतो. नानाजी बांधावर उभे राहून सल्ला देतात आणि प्रफुल ट्रॅक्टर चालू करतो, म्हणजे ऐकू येत नाही. अंगानं धिप्पाड, आवाज असा की तलावाच्या या काठावरून बोलले तर त्या काठावरचा माणूस "काय जी?" म्हणून विचारील. पण रक्ताशी त्यांचं लहानपणापासून वाकडं. घरी कोंबडी कापायची असली की नानाजींना अचानक फिरायला जावंसं वाटतं. रस्सा उकळल्याचा वास आला की ते परत येतात आणि दोनदा मागून घेतात. न्हाव्याकडे दाढीला बसले की शेवटपर्यंत डोळे मिटून असतात, न जाणो वस्तरा लागायचा.

असा माणूस दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, जिथं अपघाताचे, साप चावलेले, रानडुकरानं फाडलेले लोक आणतात, तिथं रोज सकाळी आपणहून जाऊन बसतो. पगार नाही, कोणाची सक्ती नाही. हे कसं झालं ते सांगण्यासारखं आहे.

काही वर्षांपूर्वी धान कापणीच्या दिवसांत त्यांच्या बायकोला, गिरजाबाईंना, हाताला विळा लागला. अंगठ्याखाली चांगलाच खोल गेला. बाईनं रुमाल गच्च बांधला, हातातली पेंढी नीट बाजूला ठेवली आणि प्रफुलला गाडी काढायला सांगितलं. नानाजी मागून कोणाच्या तरी गाडीवर आले. कॅज्युअल्टीत डॉक्टरनं रुमाल सोडला, नानाजींनी वाकून पाहिलं, आणि उभे होते तसे आडवे झाले. पडताना डोकं सलाईनच्या स्टँडच्या लोखंडी पायावर आपटलं.

त्यापुढचं गिरजाबाई आजही प्रत्येक हळदीकुंकवात सांगतात. "माह्या हाताले टाके पडून राह्यले, अन् मी बसली स्टुलावर. बेडवर कोन, तं हे. डॉक्टर ह्यायलेच पाह्यते, सिस्टर ह्यायलेच पाह्यते. मी एका हाताले टाके घेऊन राह्यली अन् दुसऱ्या हातानं ह्यायले वारा घालून राह्यली. सिस्टरनं मलेच पुसलं, पेशंटसोबत तुमीच काय?"

डोक्याला मार होता, म्हणून नानाजींना संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवलं. आता पंचाईत अशी, की एका बाजूला ड्रेसिंगचं टेबल. तिकडं पाहणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी कूस बदलली आणि दाराकडे तोंड केलं. दाराबाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर पेशंटला घेऊन आलेली माणसं बसली होती. नानाजी दिवसभर त्यांच्याकडे बघत पडले. त्यांच्या ध्यानात आलं, की आत आलेल्या माणसाभोवती चार जण असतात, आणि त्याला घेऊन आलेल्याकडे कोणी बघत नाही.

बाकावर एक म्हातारी होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारत होती, "आमचा बुढा कोन्या दारानं निंगन?" लोकांना वाटायचं, बाई बाहेरचा रस्ता विचारते. ते फाटकाकडे बोट दाखवायचे. म्हातारी फाटकापर्यंत जायची, इकडं-तिकडं बघायची आणि परत येऊन तेच विचारायची.

नानाजींना कळलं. तिच्या नवऱ्याला एका दारानं आत नेलं होतं आणि एक्स-रेसाठी दुसऱ्या दारानं पलीकडे नेलं होतं. तो तिसऱ्याच दारानं बाहेर पडेल, आपण दिसणार नाही, आणि एकटाच गावाला निघून जाईल, ही तिची भीती. नानाजी डोक्याला पट्टी बांधलेली असताना उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

"बाई, असं करू," ते म्हणाले, "हे दार मी पाह्यतो, ते दार तुमी पाहा. कोन्याबी दारानं आला तं सापडनच."

दोघं दोन दारांवर नजर ठेवून बसली. म्हातारा शेवटी तिच्या दारानं चाकाच्या खुर्चीवरून आला. म्हातारीनं त्याला आधी "कुठी गेल्ता गा?" म्हणून दटावलं, मग त्याचा हात धरला तो सोडेना. आपणच म्हातारा शोधून आणल्यासारखे नानाजी खूश.

गिरजाबाईंचे टाके काढायच्या दिवशी ते सोबत गेले. टाके निघाले, बाई घरी आली, नानाजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कॅज्युअल्टीची सगळी व्यवस्था जिच्या हातात, ती मयुरी सिस्टर राजुऱ्याची. बोलायला कडक. तिनं विचारलं, "भाऊ, तुमचं कोन ॲडमिट हाये?"

"कोनी नाई."

"मंग?"

"मी इथी बसलो तं चालन काय? ह्या लोकायसोबत."

"तुमाले रगत पाहून चक्कर येते. इथी तं रगतच असते."

"मी तिकडे पाह्यतच नाई ना," नानाजी म्हणाले. "मी इकडे पाह्यतो."

मयुरीनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसू द्या, कंटाळून आपोआप जाईल. नानाजींबद्दल डॉक्टरांचा अंदाज चुकला, त्याची ही सुरुवात.

तिकडे न पाहण्याची नानाजींची एक पद्धत आहे. बाहेर गाडीचा हॉर्न जोरात वाजला किंवा ट्रॉलीची चाकं खडखडली की ते जागच्या जागी गर्रकन वळतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. भिंतीवर लसीकरणाचं एक पोस्टर आहे, ते त्यांना तोंडपाठ झालं आहे. ट्रॉली आत गेली की मागून येणाऱ्या माणसाला ते पकडतात. घाईत एकदा उलटे चालत असताना पाण्याच्या कूलरवर जाऊन आदळले होते. कूलरची तोटी तेव्हापासून गळते आणि त्याचा दोष ते तोटीला देतात.

पहिलं काम पायांचं. माणूस घरातून जसा असेल तसा धावतो. कोणी अनवाणी येतं, कोणी एक स्वतःची आणि एक बायकोची चप्पल घालून येतं, कोणाची चप्पल ऑटोत राहते. पोर्चमध्ये सांडलेल्या चपला नानाजी गोळा करून जोड्या लावतात आणि बाकाखाली ठेवतात. ज्याच्या पायात काहीच नाही त्याच्यासाठी घरून आणलेल्या जुन्या चपलांची एक पिशवी आहे. त्यांची सून रिंकू एकदा दुकानात येऊन मला म्हणाली, "काकाजी, बाबाले सांगा ना. घरात एकबी चप्पल राह्यली नाई. मी बाथरूमले जाची चप्पल बाहेर सुकवली होती, ते आता कोन्या पेशंटच्या भावाच्या पायात हाये."

दुसरं काम बोलण्याचं, आणि त्याची त्यांना हौसच. कोणीही बाकावर बसलं की पहिला प्रश्न, "गाव कोन्तं?" गाव कळलं की नातं निघालंच. मूल तालुका असो की आरमोरीकडचं असो, नानाजींची आतेबहीण, मावससाळा किंवा व्याह्याचा भाचा तिथं सापडतो. सापडला नाही, तर त्या गावाहून त्यांनी कधीतरी बैल आणलेला असतो. समोरचा माणूस बिचारा थरथरत बसलेला असतो आणि नानाजी त्याला बैलाचा रंग सांगत असतात. पण मी दुकानातून कितीतरी वेळा पाहिलं आहे, बैलाच्या शिंगांपर्यंत येईस्तोवर त्या माणसाचे हात थरथरायचे थांबलेले असतात. कधीकधी तो म्हणतो, "नाई जी, तो बैल आमचा नाई, पाटलाचा होता." मग तो स्वतःहून बोलायला लागतो.

चुकाही पुष्कळ केल्या. एकदा बाळंतपणाच्या वॉर्डातली मावशी जाताजाता एक निरोप देऊन गेली. तो बाकावरच्या नेमक्या माणसाला पोचवावा म्हणून नानाजी उठले आणि चुकीच्या माणसाचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलगी झाली. दोघीबी खुशाल हायेत." तो माणूस बापाचा मोडलेला पाय घेऊन आला होता. तो उठला आणि आत जाऊन बापाला बघून आला.

त्या दिवशी मयुरीनं त्यांना कोपऱ्यात घेतलं. "नानाजीभाऊ, आजपासून बातमी सांगाची नाई. चांगली नाई, वाईट नाई. बिमारीचं बोलाचं नाई, दवाईचं बोलाचं नाई. बातमी डॉक्टर सांगन."

"मंग मी काय सांगू?"

"काहीच सांगू नका. बसा फक्त."

नानाजी दोन दिवस रुसले. आले, बसले, पण कोणाला गावही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सिंदेवाहीकडचा एक माणूस आला आणि त्यांना राहवलं नाही.

आता यातला एक दिवस थट्टेचा नाही, तोही सांगायला हवा. दुपारी एका तरुण मुलाला आणलं, मोटरसायकल झाडावर गेली होती. मागून त्याचा बाप आला, धोतर-बंडीतला, अबोल माणूस. नानाजी त्याच्याजवळ बसले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. दिव्यानी मॅडम म्हणून आरमोरीच्या, शिकून नुकत्याच लागलेल्या. त्यांनी सांगितलं, मुलगा गेला. बापानं मान हलवली. मग नानाजींना म्हणाला, "त्याचे जोडे कुठी हायेत? नवे होते. दिवारीले घेतले."

जोडे आत एका पिशवीत होते. मयुरीनं ते काढले, आणि लगेच पुन्हा आत ठेवायला निघाली, कारण ते तसे बापाच्या हातात देण्यासारखे नव्हते. नानाजी म्हणाले, "आना इकडे." ते मागच्या नळावर गेले, उकिडवे बसले, डोळे मिटले आणि जोडे धुवायला लागले. मयुरी शेजारी उभी राहून सांगत होती. "डाव्यावर आखीन हाये. टाचेजवर. हां, थोडं वर." नानाजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे उघडले नाहीत आणि हात थांबला नाही. शेवटी मयुरी म्हणाली, "झालं भाऊ, साफ झालं." तेव्हा त्यांनी डोळे उघडून जोडे पाहिले, सदऱ्यानं पुसले आणि नेऊन दिले. बाप ते मांडीवर घेऊन बसला. नानाजी त्याच्याजवळ नातेवाईक येईपर्यंत बसले होते. गावसुद्धा विचारलं नाही.

हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. मला मयुरीनं सांगितलं, आणि म्हणाली, "त्यायले नका सांगू मी बोलली म्हणून. उद्यापासून धुवाले मलेच लावतील." हे म्हणताना ती काउंटरवरच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे बघत होती.

आता मनसारामची गोष्ट, जिच्यावरून आमच्या गल्लीत अजून दोन तट आहेत.

भादव्यातली सकाळ होती, धान पोटरीला आलेलं. तलावाकाठच्या गावातून मनसाराम नावाच्या मासेमारी करणाऱ्या तरुणाला घेऊन त्याची आई वच्छलाबाई आणि मामा इसरू आले. मनसाराम आपल्या पायांनी चालत आला. म्हणत होता, पोट दुखते आणि गळा जड वाटते. तो रात्री जमिनीवर झोपला होता. सकाळी आईनं अंथरूण झटकलं तर त्यातून मण्यार निघाली. अंगावर चावल्याची खूण म्हणावी अशी काही नव्हतीच.

दिव्यानी मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, "याला कुठंही न्यायचं नाही. मण्यारीचं विष उशिरा दिसतं. मी इथं लक्ष ठेवते, लक्षण दिसलं की लगेच इंजेक्शन चालू करते." तेवढ्यात एक अपघात आला आणि त्यांना पलीकडे धावावं लागलं.

इसरूला ते काही पटलं नाही. पोरगं बोलतंय, बसलंय, सूज नाही, रक्त नाही. मग इथं कशाची वाट बघायची? गावाकडे एक पुजारी होता, सापाचं विष उतरवणारा, इसरूचा त्याच्यावर भरवसा. वेळ निघून गेली तर पुजाऱ्याच्याही हाती काही राहणार नाही, हे त्याचं म्हणणं. त्याचा जीवही भाच्यासाठीच तुटत होता. त्यानं मनसारामला दंडाला धरून उठवलं.

"दादा, नका नेऊ," मयुरी म्हणाली. "रस्त्यात श्वास बंद पडला तं काय करान?"

"चालतं-बोलतं पोट्टं हाये, बाई. तुमी डरवता काऊन?"

वच्छलाबाईला कोणाचं ऐकावं कळेना. ती नुसती पदर तोंडाला लावून मागं चालत होती.

दारात नानाजी उभे होते. त्यांना बिमारीचं बोलायची बंदी, दवाईचं बोलायची बंदी. त्यांनी आपलं नेहमीचं काढलं. "इसरूभाऊ, तुमच्या गावात तो मोठा वड हाये ना, त्याच्या पलीकडे..."

"भाऊ, बाजूले व्हा."

"थांबा ना जरासे. चहा सांगतो."

"बाजूले व्हा म्हणतो ना जी."

इसरूनं त्यांना ढकललं नाही, पण खांद्यानं सरकवायला सुरुवात केली. नेमकी त्याच वेळी मयुरी मनसारामचं काढलेलं रक्त नळीत घेऊन दारापाशी आली, किमान तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबा म्हणून दाखवायला. नळी नानाजींच्या नाकासमोर आली. नानाजींनी ती पाहिली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि उंबरठ्यावर आडवे पडले. दार अरुंद, माणूस धिप्पाड. डोकं आत, पाय दुमडून चौकटीला.

पडलेल्या माणसाला ओलांडून कोणी जात नाही. इसरू थबकला. आणि मघापासून काही न सुचणारी वच्छलाबाई एकदम कामाला लागली. तिनं खाली बसून नानाजींचं डोकं मांडीवर घेतलं, पदर ओला करून तोंडावर फिरवला आणि भावाला म्हणाली, "इसरू, पाय वर धर त्यायचे. पाह्यत काय राह्यला?" इसरूनं भाच्याला स्टुलावर बसवलं आणि नानाजींचे पाय उचलून धरले. मनसारामही मदतीला वाकला. वाकला तसाच थांबला.

"माय," तो म्हणाला, "हे भाऊ दोन-दोन काऊन दिसून राह्यले?"

वच्छलाबाईनं वर पाहिलं. इतका वेळ ती त्याच्या मागून चालत होती, तोंड समोरून बघितलंच नव्हतं. त्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. "डोरे उघड बाबू," ती म्हणाली. "उघडलेच हायेत," तो म्हणाला, आणि ते शब्दही जड आले.

मयुरीनं दिव्यानी मॅडमना हाक मारली. इसरूनं नानाजींचे पाय सोडून दिले, ते जमिनीवर धाडकन आपटले, आणि भाच्याला दोन्ही हातांवर उचलून स्वतःच आत पलंगावर नेऊन ठेवलं. इंजेक्शनं सलाईनमधून सुरू झाली. थोड्या वेळानं श्वासाला जोर लागायला लागला, तेव्हा तोंडात नळी घालून, फुग्यानं हवा देत देत त्याला ॲम्ब्युलन्सनं चंद्रपूरला नेलं. दिव्यानी मॅडम स्वतः सोबत गेल्या. रस्त्यात तो फुगा त्यांनी एका क्षणासाठीही हातातून सोडला नाही, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता. तिथं मनसाराम काही दिवस मशीनवर होता. मग स्वतः श्वास घ्यायला लागला, मग बसायला, मग जेवायला.

आत इंजेक्शनची धांदल सुरू झाली तेव्हा नानाजी उंबरठ्यावरच होते. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. ते आपले आपण उठले, टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसले. समोर रिकाम्या अंगणाकडे बघत वच्छलाबाईच्या राहिलेल्या चपला त्यांनी सरळ केल्या.

आता वाद असा, की नानाजी खरोखर पडले की मुद्दाम पडले?

मयुरी म्हणते, मुद्दाम. तिचा मुद्दा टोपीचा. चक्कर येणारा माणूस आधी टोपी काढून हातात घेत नाही. शिवाय एवढं मोठं अंग पडलं आणि कुठं खरचटलंसुद्धा नाही. नानाजी विचारणाऱ्याला गंभीरपणे सांगतात, "मले काही मालूम नाई. मी तं बेहोस होतो." मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलतं, पण ते हसणं आहे की नाही हे मला शेजारी राहूनही सांगता येत नाही.

गिरजाबाईंचं मत मात्र पक्कं आहे. "ह्यायच्यानं खोटं पडनं होतच नाई," त्या म्हणतात. "लग्नानंतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकात ह्यायले मुडद्याचं काम देल्लं होतं. दुसरं काही करायचं नव्हतं, फक्त पडून राह्याचं. तं मधातच शिंकले. हिरोईन रडून राह्यली होती, ते हसाले लागली. तवापासून ह्यायले कोनी स्टेजवर चढू देल्लं नाई." मी ही बाजू मांडली तेव्हा मयुरी म्हणाली, इतक्या वर्षांत माणूस काहीतरी शिकतोच.

दिवाळीच्या आसपास मनसाराम आईबरोबर दवाखान्यात दाखवायला आला. वाळला होता, पण डोळे पूर्ण उघडे होते. इसरू आला नाही. त्याला लाज वाटते, असं वच्छलाबाई म्हणाली. पण गावात आता कोणाला काही चावलं, तर आधी गाडी तोच बोलावतो, आणि पुजाऱ्याला म्हणतो, तूबी सोबत चाल, गाडीत बसून मंतर म्हन. पुजारी एकदा खरंच आला होता. नानाजींनी त्यालाही चहा पाजला आणि गाव विचारलं.

वच्छलाबाई त्यानंतर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. मूलच्या बाजारात मासोळी विकायची, टोपली धुवायची, हात-पाय धुवायचे आणि बाकावर येऊन बसायचं. कोणी बोलावलं नव्हतं. नानाजींना पहिले काही दिवस ते जड गेलं. बाकावर आतापर्यंत त्यांचंच राज्य होतं. त्यांनी मयुरीकडे तक्रार केली, "ते बाई कोनाले काही पुसतच नाई. नुसती बसते."

"मी तुमाले हेच सांगत होती," मयुरी म्हणाली.

गेल्या बाजाराला मी दुकानातून पाहत होतो. एक तरुण बाई कडेवर मुलगी घेऊन धावत आली. मुलीनं नाकात लाखोरी डाळीचा दाणा घातला होता. मुलगी किंचाळत होती आणि बाई तिच्याहून जास्त रडत होती. सासू रागावेल, हे एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नानाजी पुढे झाले आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात वच्छलाबाईनं बाईच्या कडेवरून मुलगी अलगद काढून आपल्या कडेवर घेतली, आईचा हात धरला आणि तिघी आत गेल्या. नानाजी उघड्या तोंडानं तिथंच उभे राहिले, मग त्यांनी ते मिटलं.

थोड्या वेळानं तिघी बाहेर आल्या. दाणा निघाला होता. दिव्यानी मॅडमनी तो कागदात गुंडाळून मुलीच्या मुठीत दिला होता आणि ती तो कोणाला दाखवायलाही तयार नव्हती. आई पदरानं तोंड पुसून बाकावर टेकली. वच्छलाबाई तिच्या एका बाजूला बसली. दुसरी बाजू मोकळी होती. नानाजींनी जरा वाट पाहिली, मग समोरच्या टपरीकडे हात करून तीन चहा सांगितले, आणि येऊन त्या बाजूला बसले.